उपकरणांचे विलगीकरण आणि त्यातील बिघाडांचा शोध

एकाच संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालविण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयबीएम या कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या अनेकांपैकी प्रत्येकाला आपल्यापुढे एक स्वतंत्र व संपूर्ण संगणक आहे असा अनुभव देणे, हा तिचा उद्देश होता. अशा मानलेल्या संगणकाला आभासी यंत्र म्हणतात. ज्या खऱ्या संगणकावर ते चालते तो यजमान, आणि आभासी यंत्राच्या आत जी कार्यप्रणाली चालते ती अतिथी, अशी नावे रूढ आहेत. १९७४ साली जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघा संशोधकांनी अशा व्यवस्थेच्या तीन अटी स्पष्टपणे मांडल्या. अतिथीला खऱ्या यंत्रावर असल्याप्रमाणेच वागता आले पाहिजे, ही पहिली. अतिथीच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसरने थेट पार पाडल्या पाहिजेत, ही दुसरी. आणि यंत्राच्या सर्व साधनांवरील अंतिम ताबा देखरेख करणाऱ्या आज्ञावलीकडेच राहिला पाहिजे, ही तिसरी.

प्रस्तुत प्रकरणाचा संबंध मुख्यतः या तिसऱ्या अटीशी आहे. एरवी अतिथीला खरे उपकरण दिले जात नाही, तर देखरेख करणारी आज्ञावली त्या उपकरणाची नक्कल करून दाखविते. नक्कल सुरक्षित असते, परंतु संथ असते. चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड किंवा वेगवान नेटवर्क कार्ड पूर्ण क्षमतेने वापरावयाचे असेल तर नक्कल पुरत नाही. ते खरे उपकरणच अतिथीच्या स्वाधीन करावे लागते. यालाच उपकरण सोपविणे, अथवा 'पासथ्रू', असे म्हणतात. असे सोपविलेले उपकरण यजमानाच्या घरातच असते, पण आज्ञा मात्र अतिथीच्या पाळते. मग ताबा कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेत कसे दडलेले असते, सोपविण्याचा प्रयत्न फसला तर दोष कोठे व कोणत्या क्रमाने शोधावा, आणि कोणता उपाय केवळ दिखाऊ असतो, हे आता आपण पाहू.

उपकरण स्मृतीपर्यंत कसे पोहोचते

संगणकातील प्रत्येक कामाचा कर्ता प्रोसेसर असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. नेटवर्क कार्डाकडे बाहेरून माहिती येते तेव्हा ते प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला हाक मारीत बसत नाही. ते ती माहिती स्वतःच संगणकाच्या स्मृतीत लिहिते, आणि काम संपल्यावर प्रोसेसरला 'इंटरप्ट' नावाचा एक लक्षवेधी संकेत तेवढा पाठविते. उपकरणाच्या या अधिकाराला थेट स्मृतिप्रवेश, किंवा संक्षेपाने डीएमए, म्हणतात. कोणत्या पत्त्यावर लिहावयाचे हे उपकरणाला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालविणारी आज्ञावली, आधी सांगून ठेवते.

आता हा ड्रायव्हर अतिथीच्या आत आहे असे समजू. अतिथीला वाटते की आपली स्मृती शून्य पत्त्यापासून सुरू होते. वस्तुतः तिचे तुकडे यजमानाच्या स्मृतीत कोठेही विखुरलेले असतात. अतिथीने आपल्या समजुतीप्रमाणे एखादा पत्ता सांगितला आणि उपकरणाने तो खरा मानून तेथे लिहिले, तर ज्या जागी यजमानाचा गाभा किंवा दुसऱ्या अतिथीची माहिती असेल त्याच जागेवर ते लेखन होईल. येथे कोणाचाही हेतू वाईट नाही. ड्रायव्हर आपल्या परीने बरोबर आहे आणि उपकरणही आज्ञाधारक आहे. तरीही नुकसान व्हावयाचे ते होतेच. शिवाय प्रोसेसरमध्ये स्मृतीच्या संरक्षणाची जी यंत्रणा असते तिला या घटनेचा पत्ताही लागत नाही, कारण हा प्रवेश प्रोसेसरमार्फत झालेलाच नसतो.

वेशीवरचा पहारेकरी

ही उणीव भरून काढण्यासाठी इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी २००६ च्या सुमारास आपापल्या रचना प्रसिद्ध केल्या. इंटेलच्या रचनेला 'व्हीटी-डी' व एएमडीच्या रचनेला 'एएमडी-व्हीआय' म्हणतात. दोहोंचे सामान्य नाव आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांसाठी असलेले स्मृती-व्यवस्थापन एकक. उपकरणे आणि मुख्य स्मृती यांच्या दरम्यान, गावाच्या वेशीवर पहारेकरी असावा तसे हे एकक उभे असते.

पीसीआय एक्सप्रेस या जोडणीवरून येणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर ती पाठविणाऱ्याचा १६ द्विअंकी स्थानांचा ओळखक्रमांक असतो. त्यातील ८ स्थाने बससाठी, ५ उपकरणासाठी आणि ३ उपकरणातील घटकासाठी राखलेली असतात. या घटकाला 'फंक्शन' म्हणतात. म्हणजे २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ उपकरणे आणि प्रत्येक उपकरणात ८ फंक्शने, इतकी मांडणी या क्रमांकात मावते. '०१:००.०' असा क्रमांक आपण वाचतो तेव्हा पहिल्या बसवरील शून्य क्रमांकाच्या उपकरणाचे शून्यावे फंक्शन, असा त्याचा अर्थ असतो. पहारेकरी हा क्रमांक पाहून त्या उपकरणासाठी ठेवलेले कोष्टक उघडतो, मागितलेल्या पत्त्याचे रूपांतर खऱ्या पत्त्यात करतो आणि विनंती पुढे जाऊ देतो. कोष्टकाचे पान सामान्यतः ४,०९६ बाइटांचे असते. कोष्टकात नसलेला पत्ता मागितला, तर विनंती अडविली जाते आणि गुन्ह्याची नोंद होते.

लिनक्स या कार्यप्रणालीत आभासी यंत्रे चालविणारी 'केव्हीएम' ही यंत्रणा २००७ साली समाविष्ट झाली, आणि उपकरणे सुरक्षितपणे सोपविण्याची 'व्हीएफआयओ' ही चौकट २०१२ साली आली. पुढील विवेचन मुख्यतः या दोहोंना धरून केले आहे. परंतु त्यामागील तत्त्व कोणत्याही कार्यप्रणालीला लागू पडते.

हे तत्त्व दोन वाक्यांत सांगता येईल. विनंती पहारेकऱ्यापर्यंत पोहोचली तरच तो ती तपासू शकतो. आणि विनंतीवरील ओळख खरी व ज्याची त्याची स्वतंत्र असेल तरच तो योग्य कोष्टक उघडू शकतो. विलगीकरणात जे दोष आढळतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या दोन अटींपैकी एखादी मोडण्यात असते.

गट कसे पडतात

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजावर कितीही दक्ष पहारेकरी बसविला, तरी आतल्या दोन बिऱ्हाडांमधले दार उघडे असेल तर त्या दोघांत काय देवघेव चालते हे त्याला कळणार नाही. संगणकातही नेमके असेच घडते. पीसीआय एक्सप्रेसची मांडणी वृक्षासारखी असते. मुळाशी 'रूट पोर्ट', मध्ये फांद्या फोडणारे 'स्विच', आणि टोकाला उपकरणे. एका उपकरणाने पाठविलेल्या विनंतीतील पत्ता शेजारच्या उपकरणाचा असेल, तर मधला स्विच ती विनंती वर न पाठविता परस्पर शेजाऱ्याकडे वळवू शकतो. पहारेकरी वर वेशीवर आहे. त्याला हा व्यवहार दिसतच नाही. येथे पहिली अट मोडली.

हे आतले दार बंद करण्यासाठी 'ॲक्सेस कंट्रोल सर्व्हिसेस', संक्षेपाने एसीएस, नावाची सुविधा पीसीआय एक्सप्रेसच्या नियमावलीत आहे. ज्या पोर्टात ती असते व चालू केलेली असते, ते पोर्ट प्रत्येक विनंती वर पाठविते, शेजाऱ्याकडे वळवीत नाही. मात्र ही सुविधा सर्व उत्पादक पुरवितातच असे नाही. घरगुती वापराच्या संगणकांत तिचा अभाव वारंवार दिसतो.

दुसरी अट मोडण्याचे ठळक उदाहरण म्हणजे जुन्या पीसीआय पद्धतीची कार्डे. ती ब्रिजमार्फत, म्हणजे जोड देणाऱ्या सेतूमार्फत, नव्या मांडणीला जोडलेली असतात. जुन्या पद्धतीत विनंतीवर ओळखक्रमांक नसतोच. म्हणून ब्रिज त्यांच्या सर्व विनंत्यांवर एकच ओळख लावून त्या पुढे पाठवितो. पहारेकऱ्याच्या दृष्टीने ती सर्व कार्डे म्हणजे एकच व्यक्ती. त्यांच्यात भेद करणे त्याला अशक्य असते.

यंत्र सुरू होताना लिनक्सचा गाभा हा सारा वृक्ष तपासतो आणि ज्या उपकरणांना एकमेकांपासून खात्रीने वेगळे करता येत नाही, ती एका गटात घालतो. 'आयओएमएमयू गट' तो हाच. एका गटातील सर्व उपकरणे एकाच मालकाकडे असली पाहिजेत, असा नियम आहे. यावरून वाचकाच्या लक्षात येईल की गट हा गाभ्याचा लहरीपणा नव्हे. यंत्राचे हे तुकडे आपण एकमेकांपासून अलग ठेवू शकतो आणि हे ठेवू शकत नाही, असे ते यंत्राच्या रचनेविषयीचे प्रामाणिक निवेदन असते.

शोधाचा क्रम

उपकरण सोपविण्याचा प्रयत्न फसतो तेव्हा दिसणारी लक्षणे विविध असतात. कधी आभासी यंत्र सुरूच होत नाही, कधी पडदा काळा राहतो, तर कधी सर्व यंत्रच थिजते. लक्षणावरून घाईने उपाय करण्यापेक्षा खालच्या पायरीपासून वर चढत जाणे हिताचे असते.

पहिली पायरी, पहारेकरी जागेवर आहे का हे पाहण्याची. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. आभासी यंत्रे चालविण्याची प्रोसेसरची क्षमता आणि उपकरणांवर पहारा ठेवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटेलच्या यंत्रात पहिलीला 'व्हीटी-एक्स' आणि दुसरीला 'व्हीटी-डी' म्हणतात. पहिली चालू असल्यामुळे आभासी यंत्र उत्तम चालते, आणि दुसरीही चालू असेलच असे माणूस गृहीत धरतो. फर्मवेअरच्या पटलावर या दोहोंच्या कळा बहुधा निरनिराळ्या ठिकाणी असतात. त्यानंतर गाभ्यालाही ती क्षमता वापरण्याची सूचना द्यावी लागते. इंटेलच्या यंत्रांवर यासाठी 'इंटेल आयओएमएमयू चालू' अशा अर्थाचा शब्द सुरुवातीच्या आज्ञेत लिहिण्याची गरज पुष्कळदा पडते. सुरुवातीच्या नोंदींत 'डीमार' हा शब्द दिसला म्हणजे काम झाले, असेही मानू नये. त्या नावाचे कोष्टक फर्मवेअरने पुरविले आहे, एवढेच त्या एका ओळीवरून सिद्ध होते. पहारा प्रत्यक्ष सुरू झाल्याची ओळ निराळी असते. सर्वांत निर्णायक पुरावा म्हणजे गटांची निर्देशिका. 'सिस' या वृक्षात गाभ्याच्या विभागाखाली ती असते. ती रिकामी असेल तर पहारेकरी जागेवर नाही, आणि पुढच्या पायऱ्यांचा विचार करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी, गट वाचण्याची. सोपवावयाचे उपकरण कोणत्या गटात आहे आणि त्याच्या सोबतीला आणखी कोण आहे, हे कागदावर लिहून काढावे. ग्राफिक्स कार्डाबरोबर त्याचेच ध्वनीचे फंक्शन गटात असणे स्वाभाविक आहे. २०१८ पासूनच्या काही कार्डांवर यूएसबीशी संबंधित आणखी दोन फंक्शने असतात. ही सर्व एकाच कार्डाची अंगे होत. ती एकत्रच सोपवावीत. गटात रूट पोर्ट किंवा ब्रिज दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. तो अतिथीला द्यावयाचा नसतो आणि त्याचा नेहमीचा ड्रायव्हर काढण्याचीही गरज नसते. चिंता करावी ती गटात एखादे अगदी परके उपकरण असेल तर.

तिसरी पायरी, प्रत्येक उपकरण कोणाच्या ताब्यात आहे हे पाहण्याची. 'गट व्यवहार्य नाही' अशा अर्थाचा संदेश येतो तेव्हा गटातील एखादे उपकरण अजून यजमानाच्या ड्रायव्हरकडेच राहिले आहे, असा त्याचा सरळ अर्थ असतो. ब्रिज वगळता गटातील प्रत्येक उपकरण व्हीएफआयओकडे असले पाहिजे, निदान ते कोणाच्याही ताब्यात नसावे. पुष्कळदा यजमानाचा ड्रायव्हर आधी जागा होतो आणि उपकरण बळकावतो. अशा वेळी त्यांचा क्रम बदलावा लागतो. सारख्या बनावटीची दोन कार्डे असतील तर वेगळीच अडचण येते. ताबा देताना सामान्यतः उत्पादकाचा व बनावटीचा क्रमांक सांगितला जातो, आणि तो दोन्ही कार्डांचा एकच असल्याने दोन्ही कार्डे यजमानाच्या हातून जातात. तेथे बनावटीऐवजी बसवरील जागेच्या क्रमांकानुसार ताबा द्यावा. मात्र नवे कार्ड बसविल्यावर बसचे क्रमांक सरकू शकतात, कालपर्यंत '०२:००.०' असलेले उपकरण आज '०३:००.०' झालेले असते. यंत्राची रचना बदलल्यावर जुन्या टिपणावर विसंबू नये.

चौथी पायरी स्मृतीची. उपकरण कोणत्या क्षणी कोणते पान मागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून अतिथीला दिलेली सर्व स्मृती खिळवून ठेवावी लागते; तिचा कोणताही भाग यजमान डिस्कवर हलवू शकत नाही. अतिथीला ८ गिगाबाइट स्मृती दिली असेल तर ती सर्वच्या सर्व तत्काळ अडकते, आणि वापरकर्त्याला स्मृती खिळविण्याची मर्यादा कमी घालून दिली असेल तर आभासी यंत्र सुरू होत नाही. याच पायरीवर फर्मवेअरने राखून ठेवलेल्या स्मृतीचाही विचार करावा. काही सर्व्हर यंत्रांत फर्मवेअर एखाद्या उपकरणाशी परस्पर संवाद करण्यासाठी स्मृतीचा एक भाग राखून ठेवते. ते उपकरण अतिथीला दिले तर हा संवाद अतिथीच्या स्मृतीत घुसेल. म्हणून लिनक्सचा गाभा २०१४ पासून असे उपकरण सोपविण्यास नकार देतो. यावर खरा इलाज फर्मवेअरमध्येच आहे.

पाचवी पायरी इंटरप्टची. आधुनिक उपकरण आपला संकेत पाठविते तो एका ठराविक पत्त्यावर काही लिहून. म्हणजे दिसावयास ते लेखनच असते. त्यावर पहारा नसेल तर अतिथीच्या हातातील उपकरण खोटे संकेत निर्माण करून यजमानाला फसवू शकते. २०११ साली राफाल वोइतचुक आणि योआना रुत्कोव्स्का यांनी अशा हल्ल्याची शक्यता प्रत्यक्ष दाखवून दिली. संकेतांचे पुनर्निर्देशन करण्याची सोय यंत्रात नसेल तर व्हीएफआयओ उपकरण देण्याचे नाकारते. हा नकार बंद करण्याची कळ उपलब्ध आहे, परंतु तिच्या नावातच 'असुरक्षित' हा शब्द आहे, याची वाचकाने नोंद घ्यावी.

सहावी पायरी उपकरण पूर्वस्थितीला आणण्याची, म्हणजे 'रीसेट'ची. एका अतिथीने वापरलेले उपकरण दुसऱ्याला देण्यापूर्वी त्यातील जुनी अवस्था पुसली गेली पाहिजे. काही उपकरणांतील प्रत्येक फंक्शन स्वतंत्रपणे रीसेट होते. काहींना ती सोय नसते, आणि मग सर्व बसच रीसेट करावी लागते. तसे करावयाचे तर त्या बसवरील सर्व उपकरणे एकाच मालकाकडे हवीत. आभासी यंत्र पहिल्या वेळी सुरळीत चालते आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मात्र चालत नाही, हे या दोषाचे खास लक्षण होय.

या सहाही पायऱ्या चढताना पहारेकऱ्याने नोंदविलेले गुन्हे वाचीत जावेत. प्रत्येक नोंदीत उपकरणाचा क्रमांक, मागितलेला पत्ता आणि वाचन की लेखन हे दिलेले असते. क्वचित असा क्रमांक दिसतो की त्या जागी कोणतेच उपकरण नाही. काही डिस्क-नियंत्रक आपल्या विनंत्यांवर अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचा क्रमांक लावतात, हे त्याचे कारण. अशा सदोष उपकरणांची दुरुस्ती-यादी लिनक्सच्या गाभ्यात ठेवलेली असते. ओळख खरी असली पाहिजे या दुसऱ्या अटीचा भंग तो हाच.

काही अपयशांचा विलगीकरणाशी संबंधच नसतो, हेही ध्यानात ठेवावे. एनव्हिडिया कंपनीचा घरगुती कार्डांचा ड्रायव्हर आपण आभासी यंत्रात आहोत असे ओळखून 'त्रुटी ४३' दाखवून थांबत असे. २०२१ साली कंपनीने ही अडवणूक काढून टाकली. जुन्या ड्रायव्हरमुळे ही त्रुटी आली असेल, तर गटांची कितीही उलथापालथ केली तरी ती जाणार नाही.

एक उदाहरण

एखाद्या घरगुती संगणकात प्रोसेसरला थेट जोडलेल्या दोन खाचा आहेत असे समजू. पहिलीत ग्राफिक्स कार्ड आहे. त्याचे चित्राचे फंक्शन '०१:००.०' व ध्वनीचे '०१:००.१'. दुसरीत '०२:००.०' हा डिस्क-नियंत्रक असून यजमानाची कार्यप्रणाली त्याच डिस्कवर आहे. गटांची यादी पाहता दोन्ही रूट पोर्ट, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क-नियंत्रक असे सर्व पहिल्या गटात आढळतात. पहारा चालू आहे, कार्ड व्हीएफआयओच्या ताब्यात आहे, तरीही 'गट व्यवहार्य नाही' हा संदेश येतो.

कारण उघड आहे. इंटेलच्या घरगुती वर्गातील अनेक प्रोसेसरांत हे दोन रूट पोर्ट एकाच उपकरणाची दोन फंक्शने असतात आणि त्यांच्यात एसीएस नसते. दोन खाचांमध्ये परस्पर व्यवहार होणार नाही, अशी हमी द्यावयास कोणीच नाही. डिस्क-नियंत्रक अतिथीला देणे तर शक्यच नाही. तसे केले तर यजमानाच्या पायाखालची जमीनच निघून जाईल. अशा वेळी डिस्क-नियंत्रक चिपसेटला जोडलेल्या खाचेत हलवून पाहावा. चिपसेटच्या बाजूच्या पोर्टात पुष्कळदा एसीएस किंवा तिच्या तोडीची व्यवस्था असते. यंत्र पुन्हा सुरू करून यादी नव्याने वाचली आणि कार्ड व त्याचे ध्वनी-फंक्शन एवढेच गटात उरले, तर आज्ञावलीचा एक शब्दही न बदलता प्रश्न सुटला असे समजावे.

या संदर्भात एक वस्तुस्थिती उद्बोधक आहे. २०१५ सालच्या इंटेलच्या शंभर-मालिकेतील चिपसेटांत एसीएस होती. परंतु तिचे नियंत्रण-कोश नियमावलीतील १६ स्थानांऐवजी ३२ स्थानांचे ठेवले गेले होते. त्यामुळे गाभ्याला ती सुविधा नीट वाचता येत नव्हती आणि गट विनाकारण मोठे पडत. गाभ्यात या चिपसेटांसाठी खास दुरुस्ती घातल्यानंतर गट सुटे झाले. येथे क्षमता यंत्रात खरोखर होती, फक्त ती सांगण्याची भाषा चुकली होती. गट मोठा दिसला की गाभा नवा करून पाहावा, असा सल्ला देतात तो याच कारणासाठी. त्याचप्रमाणे मदरबोर्डाचे फर्मवेअर अद्ययावत करणे व त्यात एसीएसची कळ असल्यास ती चालू करणे, हेही न्याय्य उपाय होत.

दिखाऊ उपाय

परंतु जागा बदलून, गाभा व फर्मवेअर नवे करूनही गट सुटला नाही, तर माणसाला मोह पडतो. व्हीएफआयओचे कर्ते ॲलेक्स विल्यमसन यांनी २०१३ साली लिनक्सच्या गाभ्यासाठी एक जोडबदल मांडला होता. ज्या पोर्टांत एसीएस नाही त्यांतही ती आहे असे मानून चालावे, अशी सूचना वापरकर्त्याला त्याद्वारे देता येई. तो मुख्य गाभ्यात स्वीकारला गेला नाही; तथापि काही वितरकांच्या गाभ्यांत तो घालून दिला जातो आणि त्याचा वापर होतो. तो लावताच गट सुटे दिसू लागतात, संदेश नाहीसा होतो आणि आभासी यंत्र सुरू होते.

हा बदल नेमके काय करतो? तो यादी बदलतो. यंत्र बदलत नाही. वाड्यातले आतले दार उघडेच राहते, फक्त पहाऱ्याच्या वहीत ते बंद असल्याची नोंद होते. दुष्ट हेतू असलेल्याने त्याचा फायदा घ्यावा, एवढीच भीती यात असती तर घरच्या यंत्रावर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु अपघातानेही तेच घडू शकते. अतिथीने उपकरणाला दिलेला पत्ता हा अतिथीच्या समजुतीतील पत्ता असतो, हे आपण पाहिले. तो पत्ता वेशीपर्यंत गेला तर त्याचे रूपांतर होईल. पण वाटेत एखाद्या शेजारी उपकरणाचा खरा पत्ता योगायोगाने तोच असेल, तर ती विनंती रूपांतर होण्यापूर्वीच शेजाऱ्याकडे वळविली जाऊ शकते. अतिथीच्या स्मृतीत जावयाचे अक्षर डिस्क-नियंत्रकाच्या नियंत्रण-कोशात जाऊन पडेल. पहारेकऱ्याला काहीच दिसले नसल्याने कोणत्याही नोंदीत त्याचा माग राहणार नाही. महिन्यातून एकदा एखादी फाइल बिघडलेली आढळेल आणि दोष मात्र डिस्कला दिला जाईल. जो बिघाड लगेच दिसतो त्याच्यापेक्षा असा न दिसणारा बिघाड अधिक महाग पडतो.

निरनिराळ्या, एकमेकांना अनोळखी अशा ग्राहकांना एकाच यंत्रावर जागा देणाऱ्या केंद्रांत तर या उपायाचा विचारही करू नये. तेथे अतिथी हा परका असतो आणि सोपविलेले उपकरण हे त्याच्या हातातील साधन असते. २०१९ साली केंब्रिज व राइस या विद्यापीठांतील संशोधकांनी 'थंडरक्लॅप' या नावाने प्रसिद्ध केलेल्या कामात असे दाखविले की, पहारेकरी उपलब्ध असूनही कार्यप्रणाल्या त्याचा वापर ढिलाईने करीत असल्याने बाहेरून जोडलेले उपकरण स्मृतीतील गुप्त माहितीपर्यंत पोहोचू शकते. पहारेकरी असतानाही जर ही स्थिती, तर त्याला वळसा घालणारी वाट जाणूनबुजून उघडी ठेवण्याचा परिणाम काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

मग गट सुटतच नसेल तर काय करावे? तीन प्रामाणिक मार्ग उरतात. गटातील सर्व उपकरणे अतिथीला देऊन टाकता येत असतील तर ती सर्व द्यावीत. यजमानाची गरज भागविण्यासाठी वेगळ्या गटातील साधे कार्ड घ्यावे. नेटवर्क कार्डाच्या बाबतीत, एकाच कार्डाची अनेक आभासी फंक्शने निर्माण करणारी 'एसआर-आयओव्ही' पद्धत वापरता येते. मात्र तेथेही प्रत्येक फंक्शनचा गट वेगळा पडला आहे ना, हे तपासलेच पाहिजे. आणि वेगाची गरज फार मोठी नसेल तर उपकरण न सोपविता, यजमान व अतिथी यांच्या सहकार्याने चालणाऱ्या 'व्हर्टआयओ' पद्धतीवर समाधान मानावे. ही पद्धत साध्या नकलेपेक्षा पुष्कळ वेगवान असते आणि ताबा यजमानाकडेच राहतो. नवे यंत्र विकत घ्यावयाचे असेल, तर प्रोसेसरचा वेग पाहण्याबरोबरच त्या मदरबोर्डावरील गटांची यादी कोणाकडून तरी मिळवून आधी वाचावी. खरेदीनंतर खाचांची रचना बदलता येत नाही.

पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली घातलेली ताब्याची अट आजही तीच आहे. उपकरण अतिथीच्या हाती देऊनही त्याच्या मर्यादा यजमानाने ठरवावयाच्या असतील, तर प्रत्येक विनंती खऱ्या ओळखीनिशी वेशीवरून गेली पाहिजे. ती तशी जाते की नाही हे यंत्राची रचना ठरविते, आणि गटांची यादी ते आपल्याला सांगते. ही यादी गैरसोयीची असली तरी ती खोडण्याऐवजी वाचावयास शिकणे, हीच या शोधातील पहिली आणि शेवटची पायरी होय.